शिरूर-दौंडची चार घड्याळे

१/ घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड. येथील माणसांची वेळ आधी सूर्याने ठरवली, मग रेल्वेने, मग विजेने. चौथे घड्याळ मेंदूत आहे. ते या काळात बदललेच नाही. हा त्या विसंगतीचा इतिहास. 🧵

२/ पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सुरू होई. अहोरात्राच्या ६० घटिका, प्रत्येक घटिका २४ मिनिटांची. मोटेचे बैल पहाटे जुंपले जात आणि ऊन चढले की सुटत.

३/ १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. रेल्वे तेव्हा मद्रासच्या वेळेवर चाले. ती दौंडच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे २३ मिनिटे पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि हे अंतर सुमारे ३२ मिनिटांवर गेले. शेतकरी मात्र उजेडावरच उठत राहिला.

४/ आता चौथे घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर मेंदूत पेशींचे दोन इवले पुंजके असतात : सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. सस्तन प्राण्यांचे मुख्य घड्याळ हेच, हे १९७२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले.

५/ माणसात त्याचा फेरा सरासरी २४ तासांहून किंचित मोठा असतो. म्हणून ते रोज जुळवावे लागते. दृष्टिपटलातील मेलॅनॉप्सिनयुक्त पेशी उजेडाची वर्दी थेट तेथे पोहोचवतात. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे ओढतो, रात्रीचा प्रकाश मागे ढकलतो.

६/ खरे नवल पुढेच आहे. उंदीर निशाचर, माकड दिनचर. तरी दोघांच्याही या केंद्रात लगबग दिवसाच अधिक असते. मेलॅटोनिनही दोघांत रात्रीच वाढते. म्हणजे घड्याळ तेच. त्याचा अर्थ मेंदूचे पुढचे भाग उलट लावतात. एकाला ते ‘ऊठ’ सांगते, दुसऱ्याला ‘नीज’.

७/ मोटेच्या जागी विजेचा पंप आला आणि वेळ ठरवू लागले वीजपुरवठ्याचे वेळापत्रक : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मेंदूचे घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकते. ते रात्रीच्या पाळीशी जुळण्याआधीच पाळी बदलते; शिवाय सकाळचे ऊन त्याला पुन्हा दिवसाकडे खेचते.

८/ शिरूरच्या उसात याच वेळी बिबट्या जागा असतो. बांधावर दोन सस्तन प्राणी समोरासमोर येतात. एक आपल्या घड्याळाप्रमाणे वागत असतो. दुसरा आपल्या घड्याळाविरुद्ध, अर्धवट झोपेत, हातात बॅटरी घेऊन उभा असतो.

९/ म्हणून ‘शेतीला दिवसा वीज द्या’ ही मागणी केवळ सोयीची नाही, जिवाची आहे. त्यासाठी २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. पाणी देण्याची वेळ पुन्हा सूर्याशी जोडण्याचा हा प्रयत्न आहे.

१०/ रेल्वेची वेळापत्रके दप्तरखान्यात सापडतात. मोडलेल्या झोपेची नोंद कोणी ठेवत नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा : मोटेची वेळ कशी ठरे? पहिला पंप आल्यावर रात्र कशी बदलली? उत्तरे लिहून ठेवा. तीही इतिहासाची साधनेच आहेत.