पेटीत मावणारा चरखा आणि अर्ध्या मापाचा ड्रेस

मार्च २०२०. आमची महाप्याची एमआयडीसी अचानक गप्प झाली, आणि फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी मामेबहीण आमच्याकडे अडकली. डमी, कटिंग टेबल, चांगली मशीन सगळं कॉलेजात. घरी आईची हातमशीन आणि जुन्या साड्या. शेवटचं कलेक्शन फोटोंवरून तपासलं जाणार होतं. ते झालं नसतं तर वर्ष लटकलं असतं. तिने पुठ्ठा आणि चिकटपट्टीची अर्ध्या मापाची डमी केली. दोन दिवसांनी रडकुंडीला आली. "ताई, कापड पडतच नाहीये गं, नुसतं उभं राहतंय!"

मला आठवला येरवडा. १९३० साली गांधीजी तिथे कैदेत असताना पेटी चरख्यावर खटपट करत होते. म्हणून त्याला 'येरवडा चक्र' हे नाव. (तुरुंग आणि लॉकडाऊन एक नव्हेत, कबूल. आम्हाला दूध दारात मिळत होतं.) वर्षभर आधीच चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. पण मला त्या बक्षिसापेक्षा पेटीचं गणित जास्त आवडतं.

समजा मोठ्या चाकाचा व्यास ६० सेंमी आणि चातीचा ०.६. चाक एकदा फिरलं की चाती १०० वेळा फिरते. आता चाक २४ सेंमीचं करा, फेरे उरतात ४०. म्हणजे चरखा नुसता आकसला तर सूत कातायला वेग पुरत नाही. पेटी चरख्यात म्हणून दोन चाकं असतात. पहिलं दुसऱ्याला सहापट फिरवतं, दुसरं चातीला सतरापट असं धरा. ६ गुणिले १७, म्हणजे १०२. गेलेला वेग परत आला, आणि झाकणही लागलं!

कापडाचंही असंच आहे. त्याच १९३० साली इंग्लंडमध्ये एफ. टी. पिअर्स यांनी कापडाचा ताठपणा मोजायची रीत प्रसिद्ध केली: कापडाची पट्टी कडेबाहेर सरकवत न्यायची आणि ती स्वतःच्या वजनाने किती लांबीवर किती झुकते ते बघायचं. ताठपणा विरुद्ध वजन या भांडणात लांबीचा घन येतो. लांबी अर्धी केली की तेच कापड तुलनेने आठपट ताठ वागतं. बहिणीचं कापड तेच, माप अर्धं. चुण्या उभ्या राहणारच!

मोठमोठे लोकही या वाटेने गेलेत. महायुद्धाने कापड संपवलं तेव्हा पॅरिसच्या फॅशन हाउसेसनी तारेच्या, साधारण ७० सेंमी उंचीच्या दोनशेहून जास्त बाहुल्यांवर नवे कपडे शिवले आणि मार्च १९४५ मध्ये प्रदर्शन भरवलं. जुलै २०२० मध्ये दिओरने तीच आठवण काढून आपलं कलेक्शन बाहुल्यांच्या मापात, एका फिल्ममधून दाखवलं. बहिणीने ती फिल्म बघितली तेव्हा मला फोन करून म्हणाली, "बघ, त्यांनी पण!"

तोवर तिचं काम झालं होतं. आम्ही दोघींनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर फूटपट्टी लावून घरातल्या सगळ्या कापडांच्या पट्ट्या झुकवून पाहिल्या. आईची धुऊन धुऊन विरलेली मलमलची ओढणी जिंकली. (आईला नंतर सांगितलं.) त्या ओढणीतून पाच ड्रेस निघाले, खिडकीच्या उजेडात फोटो काढले, वर्ष सुटलं.

पूर्ण मापाचा ड्रेस तिने २०२१ च्या दिवाळीत शिवला. त्यासाठी मलमल फारच लुळी पडत होती. आधी नाकारलेली सुती साडीच शेवटी कपाटातून काढावी लागली.