इव्रेआ : एका निळ्या बोर्डाच्या नावामागचं गाव

मंडळी, इलेक्ट्रॉनिक्समध्ये थोडीफार खटपट केलेल्या बहुतेकांनी आर्दुइनोचा तो छोटा निळा बोर्ड हाताळलेला असतो. त्याला हे नाव मिळालं एका बारवरून, आणि बारला मिळालं हजार वर्षांपूर्वीच्या एका राजावरून. बार आणि राजा, दोघंही एकाच गावचे. ते गाव म्हणजे इव्रेआ. आजचा लेख त्याच गावाबद्दल.

आधी भूगोल. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, तोरिनोच्या उत्तरेला साधारण ५० किलोमीटरवर हे गाव आहे. वस्ती जेमतेम २३ हजारांच्या आसपास. आल्प्समधली डोरा बाल्तेआ नदी आओस्ताच्या अरुंद दरीतून खाली येते आणि इथे मैदानाला लागते. थोडक्यात, घाटाच्या तोंडाशी वसलेलं गाव. हिमयुगात याच दरीतून एक प्रचंड हिमनदी उतरली आणि वितळताना दगडमातीचे ढीग मागे टाकून गेली. गावाजवळची 'सेर्रा' नावाची टेकडी म्हणजे त्यातलाच एक ढीग. सुमारे २५ किलोमीटर लांब, आणि दुरून पाहिली तर पट्टी लावून आखल्यासारखी सरळ!

घाटाच्या तोंडाशी असलं की आल्यागेल्याचा त्रास आलाच. दरीतल्या सालास्सी टोळ्यांवर नजर ठेवायला रोमनांनी इ.स.पू. १०० मध्ये इथे 'एपोरेदिया' नावाची वसाहत वसवली. १००२ साली इव्रेआचा सरदार आर्दुइन इटलीचा राजा झाला, पण दोनच वर्षांत जर्मनीच्या दुसऱ्या हेन्रीने तोच मुकुट स्वतःच्या डोक्यावर चढवला. १८०० साली आल्प्स ओलांडून आलेलं नेपोलियनचं सैन्यही याच वाटेने खाली उतरलं.

बाहेरच्यांच्या येण्याजाण्यावर चालणाऱ्या या गावाने स्वतःचं असं काही उभं केलं ते १९०८ साली. कामिल्लो ओलिवेत्ती या इथल्याच इंजिनियरने लाल विटांच्या इमारतीत टाईपरायटरचा कारखाना काढला. त्याचा मुलगा आद्रियानो तर आणखी पुढे गेला. कामगारांसाठी घरं, ग्रंथालय, पाळणाघर, आणि कारखान्याच्या इमारतींसाठी इटलीतले नामवंत वास्तुविशारद. १९५९ मध्ये याच कंपनीने ट्रान्झिस्टरवर चालणारा एलेआ ९००३ हा संगणक बाजारात आणला.

आणि मग घात झाला. फेब्रुवारी १९६० मध्ये आद्रियानो रेल्वेप्रवासात अचानक वारला. १९६१ मध्ये एलेआचा प्रमुख मारिओ चू मोटार अपघातात गेला. त्यात अंडरवुड ही अमेरिकन कंपनी विकत घेतल्याचा बोजा डोक्यावर होताच. १९६४ मध्ये कंपनी सावरायला आलेल्या भांडवलदारांना संगणक म्हणजे पांढरा हत्ती वाटला. इलेक्ट्रॉनिक्स विभाग जनरल इलेक्ट्रिककडे गेला. इंजिनियर, आराखडे, सगळं एकगठ्ठा.

एक छोटा गट मात्र निसटला. पिएर जॉर्जो पेरोत्तो आणि त्याचे मोजके सहकारी टेबलावर मावणारं, प्रोग्रॅम करता येणारं एक यंत्र बनवत होते. ते 'संगणक' नाही, 'कॅल्क्युलेटर' आहे असं कागदोपत्री दाखवून त्यांनी ते वाचवलं म्हणे! १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात हा 'प्रोग्रामा १०१' झळकला. पुढे सुमारे ४४ हजार नग खपले. नासानेही वापरले. पण तोवर बस चुकली होती. शेवटी १९९७ मध्ये ओलिवेत्तीने पीसीचा धंदाही विकून टाकला. एकाच कंपनीवर उभ्या असलेल्या गावाचं मग काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आता येतो तो बोर्ड. २००१ मध्ये इव्रेआत ओलिवेत्तीच्याच एका जुन्या इमारतीत इंटरॅक्शन डिझाईनची एक संस्था सुरू झाली. तिथल्या एर्नांदो बार्रागान या कोलंबियन विद्यार्थ्याने प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची प्रणाली केली. (याचं नाव बरेच जण विसरतात!) त्याच पायावर २००५ मध्ये मास्सिमो बान्झी आणि मंडळींनी आर्दुइनो उभा केला. तेव्हा संस्था बंद पडायच्या बेतात होती, आपलं काम कुठेतरी गाडलं जाईल अशी धास्ती होती. मग त्यांनी काय केलं? आराखडे आणि कोड सरळ जगासाठी खुले केले.

मला या गावाच्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. १९६४ मध्ये ज्ञान कंपनीच्या तिजोरीत होतं, म्हणून तिजोरी विकली तेव्हा तेही गेलं. पेरोत्तोला लपवाछपवी करून एक यंत्र वाचवावं लागलं. चाळीस वर्षांनी त्याच गावात लोकांनी उलटा मार्ग धरला आणि सगळं वाटून टाकलं. २०२५ मध्ये क्वालकॉमने आर्दुइनो कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. कंपनी जाईल तिकडे जावो. जे आराखडे एव्हाना जगभर पसरलेत, ते आता कोण परत गोळा करणार?

२०१८ मध्ये युनेस्कोने ओलिवेत्तीच्या इव्रेआला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या यादीत इमारती आहेत. आर्दुइन राजाचं नाव मात्र आज कुठल्यातरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, एका ब्रेडबोर्डशेजारी पडलेलं असेल.

असो. इव्रेआच्या कार्निव्हलमधल्या संत्र्यांच्या लढाईबद्दल पुन्हा कधीतरी.