सुपापासून खुर्चीपर्यंत

आपल्याकडच्या घराला बांबूची संगत फार जुनी आहे. धान्य पाखडायला सूप, तांदूळ धुवायला रोवळी, भाकरीला दुरडी, दाणागोटा साठवायला कणगी. मोहरमच्या ताबुताचा सांगाडा उभा राहतो तो कामट्यांवरच. आणि सगळे आटोपल्यावर कबरीत मय्यतीच्या अंगावर माती पडू नये म्हणून जे आडवे लावतात, तेही कित्येक गावांत बांबूच असतात. एवढी जवळीक असूनही बांबू घडवणाऱ्या हाताची दखल इतिहासाने घेतलेली नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. तख्ते-ताऊस कोणी बनवून घेतले ते मुले चटकन सांगतात. घरातले सूप कोणी विणले असे विचारले, तर उत्तर येते, "बुरुडाने." तिथेच माहिती संपते.

आज शहरातल्या दुकानांत बांबूच्या खुर्च्या, दिवाण, दिव्यांचे खांब दिसू लागले आहेत. सूप विणणारा कारागीर खुर्चीपर्यंत कसा पोचला, हा प्रवास समजून घ्यायचा तर सुरुवात कारागिराच्या हुनरापासून करून चालत नाही. ती कायद्यापासून करावी लागते.

१९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूचाही समावेश होता. वनस्पतिशास्त्र सांगते की बांबू हे गवत आहे. कायद्याने त्याला झाड ठरवले. शब्दाचा हा फेर कागदावर लहान दिसतो. पण झाड तोडले की ते इमारती लाकूड झाले, आणि लाकूड हलवायचे तर वनखात्याचा वाहतूक परवाना आला. ज्या जंगलाच्या कडेला बुरूड पिढ्यान्‌पिढ्या राहिला, तिथला बांबू त्याच्यासाठी परवानगीची वस्तू झाला.

स्वातंत्र्यानंतर कागद गिरण्या वाढल्या. कर्नाटकातील दांडेलीच्या गिरणीला १९५८ साली सरकारने बांबू दिला तो टनाला दीड रुपया या दराने. टोपल्या विणणाऱ्या मेदार लोकांना मात्र तोच बांबू बाजारात कितीतरी पट अधिक भावाने घ्यावा लागे. बांबू संपत चालल्याची ओरड पहिल्यांदा केली ती या टोपलीवाल्यांनीच. पुढे १९७० च्या दशकात माधव गाडगीळ यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी जाळे 'साफसफाई' म्हणून काढून टाकल्यामुळे कोवळे कोंब जनावरांच्या तोंडी पडतात, हे त्यांना दिसून आले. गावकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होते. त्यांना विचारले कोणी नव्हते, इतकेच.

याच काळात दुसरीकडे एक वेगळी हालचाल चालू होती. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला आणि त्यातून १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या संस्थेतील प्राध्यापक एम. पी. रंजन, नीलम अय्यर व घनश्याम पंड्या ईशान्य भारतात फिरले. तिथल्या टोपल्या, मासे धरण्याची साधने, घरे यांची मोजमापे घेऊन त्यांनी आकृत्या काढल्या आणि १९८६ साली बांबू व वेतकामावर मोठा ग्रंथ सिद्ध केला. ज्या विद्येला 'अडाण्यांचे काम' म्हटले जाई, तिच्यात भूमिती आहे, गणित आहे, वजन पेलण्याचे शास्त्र आहे, हे त्या आकृत्यांनी सिद्ध केले. पुढे रंजन यांनी त्रिपुरातील कटलामारा गावी शेतात वाढणाऱ्या भरीव बांबूपासून साधी, टिकाऊ बैठकीची आसने घडवण्याचे प्रयोग केले. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

फर्निचरकडेच का वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. कारण सरळ आहे. प्लास्टिकची टोपली आली आणि सुपाटोपल्यांचा बाजार बसला. टोपलीला दिवसभर राबून जे मोल मिळते, त्यापेक्षा खुर्चीला अधिक मिळते. पण खुर्ची माणसाचे वजन पेलणार. तिला टोपलीसारखी वर्षा-दोन वर्षांनी टाकून देता येत नाही. बांबूतल्या पिष्टावर किडा पडतो आणि पिवळा भुसा गळू लागतो. म्हणून जून झालेलाच बांबू तोडायचा, बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात तो मुरवायचा, सावलीत वाळवायचा आणि मगच सांधे बसवायचे. अंधाऱ्या पक्षात तोड करण्याची, वाहत्या पाण्यात बांबू बुडवून ठेवण्याची जुनी रीतही याच भीतीपोटी आलेली. नवे शास्त्र आणि जुना अनुभव इथे हातात हात घालून चालतात.

महाराष्ट्रात या कामाची दोन ठिकाणे ठळक आहेत. पहिले मेळघाटातले. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी नव्वदच्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र सुरू केले. तिथे कोरकू व इतर आदिवासी तरुण घरे, फर्निचर, राख्या बनवायला शिकले. बुरूडकाम एका जातीच्या कपाळी लिहिलेले होते. इथे ते ज्याला शिकायचे त्याचे झाले. सुनील देशपांडे २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने गेले.

दुसरे ठिकाण कोकणातले. सिंधुदुर्गातील कुडाळ येथे २००४ साली कोकण बांबू आणि केन विकास केंद्र, म्हणजे 'कॉनबॅक', स्थापन झाले. तिथला माणगा बांबू बिनकाट्याचा आणि जवळपास भरीव, फर्निचरला उत्तम. तो जंगलात नव्हे, शेताच्या बांधावर आणि परसात वाढतो. शेतकरी स्वतःच्या जमिनीवरचा बांबू विकतो, कारागीर तो घडवतो.

विदर्भात बांबू जंगलातला, म्हणून लढाही वेगळा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले, तरी परवान्याचे पुस्तक वनखात्याकडेच राहिले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाच्या ग्रामसभेने ते मागितले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची या कामात मोठी साथ होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१७ मध्ये वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. म्हणजे तब्बल नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झाले. मात्र ही मोकळीक वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला आहे, हे विसरू नये.

मालेगाव-भिवंडीच्या मोमीन विणकरांची कहाणी आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. हात कितीही तरबेज असो, सूत व्यापाऱ्याचे असेल तर विणकर मजूरच राहतो. बांबूचेही तसेच आहे. सुंदर नमुना शहरात काढला, कच्चा माल ठेकेदाराचा, विक्री शोरूमवाल्याची, तर खेड्यातल्या कारागिराच्या वाट्याला फक्त रोजंदारी. नमुन्याने मान मिळतो, पण रोजी टिकते ती मालावरच्या हक्काने. मेंढ्याने हक्क मिळवला, लवादाने हुनर वाटले, कुडाळने बाजार शोधला. हे तिन्ही एकाच गावात जमून आले, तर बुरुडाच्या मुलाला बापाचा धंदा लपवावा लागणार नाही.

तोवर आपल्या हाती एवढे आहे. बांबूची खुर्ची घेताना किंमत विचारतो, तसे ती घडवणाऱ्याचे गाव आणि नावही विचारावे. शिक्षकांनी मुलांना जवळच्या बुरूडआळीत न्यावे, बांक कसा चालतो, बांबूच्या एका पेरातून किती कामट्या निघतात, ते मोजायला लावावे. बादशहांची सनावळी पाठ करण्याइतकाच तोही इतिहासाचा तास आहे.