ब्रिटनमधील पादचिकित्सा : पदविकेकडून पदवीकडे

ब्रिटनमध्ये पायांच्या विकारांवर उपचार करणारा पोडियाट्रिस्ट आज विद्यापीठाची पदवी घेऊन व्यवसायात येतो. ही पद्धत मात्र फार जुनी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या व्यवसायात नोंदणीसाठीची पात्रता म्हणजे तीन वर्षांची पदविका होती. पदवी अभ्यासक्रम सुरू झाले तेव्हा हजारो पदविकाधारक आधीच दवाखान्यांत काम करत होते. नोकरी आणि संसार सांभाळून त्यांतल्या अनेकांनी घरी बसून, दूरशिक्षणाने, आपल्या पदविकेची पदवी करून घेतली. ज्या व्यवसायाने टपाली शिक्षणाशी अनेक दशके वैर धरले, त्याच व्यवसायातले हे घडले, म्हणून या बदलाचा इतिहास मुळापासून पाहायला हवा.

अठराव्या शतकापर्यंत पायाचे कुरूप काढणे हे लंडनमध्ये फिरत्या कारागिराचे काम होते. रस्त्यावर आरोळी देत हिंडणाऱ्यांत कुरूप कापणारेही असत. १७८५ मध्ये डेव्हिड लो याने या विषयावर इंग्रजीत पुस्तक काढले. त्याचा बराचसा मजकूर फ्रान्समध्ये राजघराण्याच्या पायांची निगा राखणाऱ्या लाफोरे या शल्यवैद्याच्या पुस्तकातून उचललेला होता. तरीही 'किरोपोडिस्ट' हे पोडियाट्रिस्टचे जुने नाव इंग्रजीत रूढ झाले ते लोच्या पुस्तकामुळेच. खऱ्या अभ्यासाची सुरुवात लुईस डरलाखर यांच्यापासून धरावी लागते. चौथा जॉर्ज, चौथा विल्यम आणि व्हिक्टोरिया राणी या तिघांचेही ते पादचिकित्सक होते. १८४५ च्या ग्रंथात त्यांनी कुरूप, अंगठ्याच्या सांध्याची वाढ आणि नखांचे विकार यांची पद्धतशीर मांडणी केली. तळव्याच्या पुढच्या भागातली मज्जातंतूची कळ, जी पुढे अमेरिकेतील मॉर्टन यांच्या नावाने ओळखली गेली, तिचे वर्णनही त्यांनी त्याच ग्रंथात करून ठेवले होते. या कामासाठी रीतसर शिक्षण असावे, ही त्यांची तळमळ होती. ते शिक्षण प्रत्यक्षात यायला आणखी दोन पिढ्या जाव्या लागल्या.

१९१२ मध्ये नॅशनल सोसायटी ऑफ किरोपोडिस्ट्स स्थापन झाली. अर्नेस्ट रंटिंग हे तिच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी संस्थेने लंडनमध्ये गरिबांसाठी पायांचे रुग्णालय उघडले आणि पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, शाळा सुरू केली. १९२४ मध्ये एडिंबरातही चिकित्सालय आणि शाळा एकत्रच उभी राहिली. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी रुग्णांसाठी दार उघडले, मग त्याच खोल्यांत विद्यार्थी घेतले. ब्रिटनमधील पादचिकित्सेचे शिक्षण पहिल्यापासून रुग्णाच्या खुर्चीसमोर झाले, आणि पुढचे सारे वाद याच गोष्टीभोवती फिरत राहिले.

कारण त्याच काळात दुसरी वाटही खुली होती. कोणीही स्वतःला किरोपोडिस्ट म्हणवून घेऊ शकत असे. कायद्याची आडकाठी नव्हती. त्यामुळे टपालाने धडे पाठवून प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम चालत. कुठे शेवटी काही दिवसांचा सराव असे, कुठे तो नावापुरताच. अशा शिक्षणातूनही काही कसबी माणसे तयार झाली, हे खरे. पण मधुमेही म्हाताऱ्याच्या पायावर पाते फिरवायला शिकणे छापील पानांवरून शक्य नाही, हा शाळांमधून शिकलेल्यांचा आक्षेप योग्यच होता. कातडीचा घट्टा किती खोल गेला आहे, त्याखाली रक्त साकळले आहे की जखम दडली आहे, हे पात्याखालच्या स्पर्शावरून कळते, आणि तो स्पर्श शिकवायला शेजारी जाणता माणूस लागतो.

१९४५ मध्ये पाच संघटना एकत्र येऊन सोसायटी ऑफ किरोपोडिस्ट्स झाली. १९६० च्या कायद्याने डॉक्टरांना पूरक अशा व्यवसायांची नोंदणी सुरू केली आणि त्यांत किरोपोडीला स्थान मिळाले. पण या कायद्यात मोठी फट राहिली. संरक्षण मिळाले ते फक्त 'राज्य-नोंदणीकृत' या विशेषणाला. राष्ट्रीय आरोग्य सेवेत नोकरीसाठी नोंदणी आवश्यक झाली, मात्र खासगी दवाखान्याच्या पाटीवर किरोपोडिस्ट लिहायला कोणालाही मुभा राहिली. त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच नावाखाली, दोन वेगळ्या तयारीची माणसे काम करत राहिली. रुग्णाला त्यांतला फरक ओळखण्याचा मार्ग नव्हता. नोंदणीकृतांच्या मनात टपाली अभ्यासक्रमांविषयी जो कडवटपणा साचला, त्याचे मूळ या फटीत आहे.

नोंदणीसाठीचे शिक्षण तीन वर्षांचे आणि पूर्णवेळ होते. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, औषधींची ओळख, पादत्राणे हे विषय वर्गात शिकवले जात. उरलेला वेळ चिकित्सालयात जाई. विद्यार्थी कुरूप काढी, जाड झालेली नखे घासून पातळ करी, फेल्टचे तुकडे कापून तळव्यावर असे चिकटवी की दुखऱ्या जागेवरचा भार आजूबाजूला वाटला जाईल. फेल्टची कड कुठे उतरती ठेवायची, यावर शिक्षक तासन्‌तास घालवत. हे काम बाहेरून किरकोळ दिसते. पण ज्याचे पाऊल टेकत नाही अशा माणसाला चालत घरी पाठवणारे ते कसब होते आणि त्याची थोरवी त्या काळच्या वैद्यक जगताने पुरेशी मानली नाही.

१९७० च्या दशकात कामाची व्याप्ती वाढू लागली. स्थानिक भूल देऊन रुतलेले नख काढणे आणि ते परत वाढू नये म्हणून मुळाशी फिनॉल लावणे ही शस्त्रक्रिया किरोपोडिस्टच्या हाती आली. आधी उत्तीर्ण झालेल्यांना भूल देण्याचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागले. जुन्या पदविकेत नवी भर घालण्याची ही पहिली मोठी वेळ. त्याच सुमारास अमेरिकेतून चालण्याचे गतिशास्त्र आले. कॅलिफोर्नियातील मर्टन रूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पावलाच्या प्राकृत आणि विकृत हालचालींवरचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुरूप काढून थांबू नये, ते ज्या चुकीच्या हालचालीमुळे आले ती शोधावी, ही दृष्टी त्याने दिली. रूट यांच्या सिद्धांतांना पुढे बरेच आव्हान मिळाले, तरी प्रश्न विचारण्याची रीत कायमची बदलली.

तिसरा रेटा मधुमेहाचा. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये मायकेल एडमंड्स यांनी १९८१ मध्ये मधुमेही पायांसाठी खास चिकित्सालय सुरू केले. तिथे डॉक्टरच्या बरोबरीने किरोपोडिस्ट, परिचारिका आणि बूट तयार करणारा कारागीर एकाच ठिकाणी काम करत. १९८६ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार पाय कापण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया सुमारे निम्म्यावर आल्या होत्या. १९८९ च्या सेंट व्हिन्सेंट जाहीरनाम्यात युरोपातील देशांनी मधुमेहामुळे होणारे असे अवयवच्छेद निम्म्याने घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून 'कळते का?' असे विचारणारा किरोपोडिस्ट आता कुणाचा पाय वाचेल आणि कुणाचा धोक्यात आहे, हे ठरवणाऱ्या चमूचा भाग झाला होता. चमूत बोलायचे तर शोधनिबंध वाचता यावेत, आकडे तपासता यावेत. जुन्या पदविकेत नेमके याचेच शिक्षण कमी होते.

अशा वातावरणात १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या सुरुवातीला शाळांनी पदविका बंद करून बीएस्सी पदवी देण्यास सुरुवात केली. स्वतंत्र शाळा पॉलिटेक्निक किंवा उच्च शिक्षणाच्या महाविद्यालयांत सामील झाल्या आणि १९९२ च्या कायद्याने पॉलिटेक्निकची विद्यापीठे झाली. नवा विद्यार्थीही तीनच वर्षे शिके, त्याच खुर्चीसमोर उभा राही, पण बाहेर पडताना पदवी घेऊन जाई. वीस वर्षे काम केलेल्याच्या हाती पदविकाच. बढतीची जागा निघाली, शिकवण्याची संधी आली किंवा एमएस्सीला प्रवेश हवा असला की कालचा विद्यार्थी पुढे आणि त्याला शिकवणारा मागे, असे होऊ लागले. हा अन्याय होता, आणि तो दूर करण्याची जबाबदारी व्यवस्थेने घेणे भाग होते.

तोडगा निघाला तो श्रेयांकांच्या हिशेबातून. विद्यापीठाबाहेरील संस्थांच्या पदव्यांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने १९८६ मध्ये श्रेयांक साठवण्याची आणि हस्तांतरित करण्याची योजना आणली होती. तिच्यात ऑनर्स पदवीला ३६० श्रेयांक धरले जात, प्रत्येक वर्षाला १२०. तीन वर्षांच्या पदविकेला साधारण पहिल्या दोन पातळ्यांचे, म्हणजे २४० श्रेयांक दिले, की शेवटच्या पातळीचे १२० उरत. तीन वर्षांचे शिक्षण दोन वर्षांइतके मोजले गेले, याची खंत पदविकाधारकांना वाटणे साहजिक होते. पण तेवढ्यावर पदवी गाठता येत होती.

हे उरलेले श्रेयांक दूरशिक्षणाने मिळवण्याची कल्पना ब्रिटनला नवखी नव्हती. १८४० मध्ये आयझॅक पिटमन टपालाने लघुलिपी शिकवत होते. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू दिले. १९६९ मध्ये सनद मिळालेल्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये सुमारे चोवीस हजार विद्यार्थी घेऊन शिकवायला सुरुवात केली. नोकरदार माणूस रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून खरीखुरी पदवी मिळवू शकतो, हे तिने सिद्ध केले. घरी पाठवलेले पाठ, त्यांवर शिक्षकाने बारकाईने लिहिलेले शेरे, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी, उन्हाळ्यातले निवासी वर्ग ही तिची घडण पुढे अनेक संस्थांनी उचलली.

पादचिकित्सेच्या पूरक पदवी अभ्यासक्रमांचा भर संशोधनपद्धती, संख्याशास्त्राची ओळख, गतिशास्त्र, आरोग्यधोरण आणि शेवटी एक प्रबंध यांवर असे. कामाची जागाच विद्यार्थ्याची प्रयोगशाळा होई. गेल्या वर्षी आपल्या दवाखान्यात नखाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी कितीजणांचे नख परत आले? जखम भरायला किती दिवस लागले? फाइली काढायच्या, ठरलेल्या निकषांवर नोंदी तपासायच्या, आकडे मांडायचे आणि आपलीच पद्धत कमी पडत असेल तर तसे लिहायचे. ज्याने अनेक वर्षे शिक्षकाच्या शब्दावर आणि स्वतःच्या हातावर विश्वास ठेवून काम केले, त्याला हे सोपे नव्हते. लेखनाची सवय मोडलेली असे. वैद्यकीय ग्रंथालय दूर असे. इंटरनेट घरोघर पोचण्यापूर्वी एका शोधनिबंधाची प्रत टपालाने मागवून वाट पाहावी लागे. फोनवरचा शिक्षक आणि अधूनमधून होणारे शनिवार-रविवारचे वर्ग हाच आधार.

जुन्या टपाली अभ्यासक्रमांत आणि या दूरशिक्षणात मूलभूत अंतर आहे. पूर्वीच्या अभ्यासक्रमांनी पायाला हात न लावलेल्याला टपालाने व्यवसायात आणले. नव्यांनी फक्त नोंदणीकृत आणि काम करत असलेल्यांनाच प्रवेश दिला. चिकित्सालयातला सराव आधीच झालेला होता. त्या प्रशिक्षणात सुमारे एक हजार तास रुग्णसेवेचे अपेक्षित असत. दूरशिक्षणाला भरायची होती ती फक्त वाचनाची, विचारांची आणि लेखनाची उणीव, आणि ते काम ते उत्तम करू शकते. व्यवसायात पहिले पाऊल टाकण्यासाठीची पदवी मात्र केवळ घरबसल्या देण्याचे पाऊल विद्यापीठांनी उचलले नाही. हा विवेक राखल्यामुळेच पूरक पदवीची प्रतिष्ठा टिकली.

व्यवसायातली जुनी फट २००५ मध्ये बुजली. नवीन आरोग्य व्यवसाय परिषदेची नोंदवही जुलै २००३ मध्ये उघडली. पूर्वी नोंदणीबाहेर राहून काम करणाऱ्यांना आपली पात्रता सिद्ध करून आत येण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. जुलै २००५ पासून किरोपोडिस्ट आणि पोडियाट्रिस्ट ही दोन्ही नावे कायद्याने राखीव झाली. मुदतीत आत आलेल्यांत टपाली अभ्यासक्रमांतून शिकलेलेही होते. आता ते आणि पदवीधर एकाच नोंदवहीत आले, आणि पुढे शिकण्याची वाट त्यांच्यासाठीही खुली झाली.

त्यानंतर पूरक पदवीची गरज हळूहळू ओसरली. पदविकेच्या शेवटच्या तुकड्या निवृत्तीकडे झुकल्या आणि नव्या पिढीकडे पदवी होतीच. तशी अर्धवेळ, दुरून शिकण्याची व्यवस्था पुढे पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी वापरात आली : मधुमेही पाऊल, खेळातील दुखापती, पादशस्त्रक्रियेचा सैद्धान्तिक भाग. २०१३ मध्ये पोडियाट्रिस्टना डॉक्टरच्या देखरेखीविना स्वतः औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळाला. हा अधिकार वापरण्यासाठी नोंदणीनंतर मान्यताप्राप्त विद्यापीठीय अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि त्याचा सराव सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली होत असे.