खडप, किल्ला आणि प्रवाळ : मालवणच्या किनाऱ्याचा इतिहास

मालवणचा इतिहास बहुधा सिंधुदुर्ग किल्ल्यापासून सांगितला जातो आणि तेथील सागरी वैभवाची चर्चा पर्यटनाच्या अंगाने होते. त्यामुळे या दोन्ही गोष्टींचा पाया एकच आहे, हे सहसा लक्षात येत नाही. उत्तरेस कोळंबची खाडी आणि दक्षिणेस कर्ली नदीचे मुख यांच्या दरम्यानच्या या किनाऱ्यासमोर समुद्रात अर्धवट बुडालेल्या खडकांची, म्हणजे खडपांची, एक विस्कळीत रांग पसरलेली आहे. याच खडपांनी किल्ल्याला संरक्षण दिले, मच्छीमारांना मासळीची ठिकाणे दिली आणि प्रवाळांना बूड टेकवण्यास जागा दिली. आज साताऱ्याकडील कोरेगावसारख्या घाटावरील तालुक्यातून फोंडा किंवा गगनबावड्याच्या वाटेने कोकणात उतरणारा प्रवासी किल्ला आणि प्रवाळ दोन्ही पाहण्यासाठी येतो. त्याचे पूर्वज मात्र या किनाऱ्याला राज्याची हद्द आणि मीठ-मासळीचे ठिकाण म्हणून ओळखत असत.

छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि व्यापारासाठी आलेले इंग्रज व डच यांच्यामध्ये स्वराज्याच्या आरमाराला स्वतःचे भक्कम ठाणे हवे होते, हे त्यामागील कारण होते. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली झालेल्या या बांधकामात पायाचे चिरे बसवताना शिशाचा रस ओतण्यात आला. सुमारे ४८ एकर क्षेत्राला वेढणारा तट नागमोडी आहे आणि त्याचे महाद्वार बुरजांच्या वळणात असे दडवले आहे की अगदी जवळ जाईपर्यंत ते नजरेस पडत नाही. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी असल्याने वेढा पडला तरी शिबंदीला तग धरता येत असे. पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे उपदुर्ग त्याच्या पाठीशी होते. तथापि खरा पहारा खडपांचाच होता, कारण त्यांच्यामधून सुरक्षित जाणारी वाट ज्याला ठाऊक नाही त्याचे गलबत फुटण्याचा धोका असे. ती वाट स्थानिक नाखवा आणि तांडेल या नौकाचालकांनाच माहीत होती, आणि किल्ल्यासाठी हे बेटही स्थानिक कोळ्यांनीच दाखवले, असे परंपरा सांगते.

राजाराम महाराजांनी किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर बांधले. पुढे छत्रपतींच्या घराण्यात सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने त्यांच्या मुलखाची वाटणी झाली. वारणेच्या उत्तरेकडील कोरेगाव साताऱ्याच्या बाजूस राहिले, तर सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांकडे होता. कोल्हापूरच्या आरमाराने येथून समुद्रावर वचक ठेवला. इंग्रजांच्या कागदपत्रांत मात्र त्याच मालवणकरांना चाचे म्हटले आहे. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी किल्ला जिंकून त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, परंतु लवकरच तहाने तो कोल्हापूरला परत केला. अखेर १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांच्या हाती गेले. आरमार संपले आणि गाव रत्नागिरी जिल्ह्यातील एक बंदर म्हणून उरले. १ मे १९८१ रोजी नवा जिल्हा निर्माण झाला, तेव्हा त्याला याच किल्ल्याचे नाव देण्यात आले.

या खडपांची दुसरी ओळख म्हणजे त्यांवरचे प्रवाळ. देशावर प्रवाळ, म्हणजे पोवळे, परिचित होते ते नवरत्नांपैकी एक म्हणून. पण दागिन्यांतले ते लाल पोवळे भूमध्य समुद्रातून व्यापारामार्गे येत असे, आणि मालवणच्या पाण्यातील प्रवाळ त्याहून वेगळे आहेत. प्रवाळ हा वनस्पती किंवा दगड नसून सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती सांगाडा रचतात आणि त्यांच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पुरवते. म्हणून प्रवाळांना उथळ, उबदार आणि नितळ पाणी लागते. कोकणात पावसाळ्यात नद्या भरपूर गोडे पाणी आणि गाळ समुद्रात आणतात, त्यामुळे पाणी गढूळ होते आणि खारेपणा घटतो. परिणामी लक्षद्वीप किंवा अंदमानसारखी अखंड प्रवाळभित्ती येथे तयार झाली नाही. खडपांवर विखुरलेल्या, गाळ सोसणाऱ्या जातींच्या वसाहतीच काय त्या टिकल्या. या किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा पाण्याखालील विस्तीर्ण उंचवटा आहे. तेथे नद्यांचा गाळ पोहोचत नसल्याने प्रवाळांची वाढ अधिक समृद्ध आहे.

शास्त्रीय नोंदींत या प्रवाळांना स्थान मिळण्यास बराच काळ लागला. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे प्रसिद्ध केले. १९८७ मध्ये शासनाने २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्राचे मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. त्यातील ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा, म्हणजे सर्वाधिक निर्बंधांचा भाग, सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या परिसरात येतो. पुढे २००१ मध्ये दगडी प्रवाळांच्या सर्व जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले.

कागदावरच्या या सीमेखालचे पाणी मात्र आधीपासूनच वापरात होते. गाबीत समाजाची रापण हे त्याचे ठळक उदाहरण आहे. होडीतून जाळ्याचा मोठा अर्धवर्तुळाकार फेर टाकायचा, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणून अनेकांनी मिळून ते ओढायचे आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे, अशी ही सामुदायिक पद्धत आहे. अभयारण्यामुळे रोजची मासेमारी बंद होईल, या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि अंमलबजावणी दीर्घकाळ रखडली. याच मच्छीमारांनी यांत्रिक पर्ससीन जाळ्यांविरुद्धही लढा दिला, आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले; तेव्हा त्यांचा विरोध समुद्र राखण्याला नव्हता, आपल्याला न विचारता आखलेल्या हद्दीला होता, असेच म्हणावे लागते.

पर्यटनाने या प्रश्नाला नवे वळण दिले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्याने कुडाळ स्थानकावर उतरून मालवण गाठणे सोपे झाले. पूर्वी मुंबईहून आगबोटीने येणाऱ्या चाकरमान्यांची जागा हळूहळू सुटीसाठी येणाऱ्या पाहुण्यांनी घेतली. किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग, म्हणजे श्वास घेण्याची नळी व चष्मा लावून पृष्ठभागावरून तळ पाहणे, आणि पाठीवर हवेची टाकी घेऊन करायचे स्कूबा डायव्हिंग हे अनेक मच्छीमार कुटुंबांचे पूरक उत्पन्न बनले. मालवणजवळच्या तारकर्लीला स्कूबाचे प्रशिक्षण देणारी संस्थाही उभी राहिली. मात्र होड्यांचे नांगर वसाहतींवर पडणे, नवशिक्यांनी प्रवाळावर पाय टेकणे आणि मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात खाद्य टाकणे यांमुळे इजाही होऊ लागली. पाणी जास्त तापले की प्रवाळातील शैवाल बाहेर टाकले जाते व सांगाडा पांढरा दिसू लागतो. असे विरंजन २०१४ ते २०१६ या काळात मालवणातही आढळले. तुटलेले तुकडे चौकटींवर बांधून पुन्हा वाढवण्याचे प्रयोग येथे झाले आहेत, पण तापत्या समुद्रावर तो उपाय नव्हे.

या किनाऱ्यावरची सत्ता वारंवार बदलली. किल्ला बांधणारे, तह करणारे आणि अभयारण्याची सीमा आखणारे बहुतेक बाहेरून आले. त्यांचे निर्णय टिकले ते मात्र खडपांची जाण असणारी माणसे सोबत असतील तेवढेच. शिवकाळात ही जाण राज्याच्या बांधणीत सामावून घेतली गेली, तर १९८७ च्या सीमेला ती न घेतल्याची किंमत मोजावी लागली. प्रवाळ पाहण्यासाठी घाटावरून उतरणाऱ्या प्रवाशांची संख्या वाढत असताना नांगर कोठे टाकायचा आणि कोणत्या खडपावर कोणाला न्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार व जबाबदारी होडीवाल्यांकडे आणि रापणकारांकडे कितपत सोपवली जाते, यावरच पुढील काळातील संरक्षणाचे यश अवलंबून राहील.