हळद, कांदा, चहा, चिंच: फ्लोराइडपासून मेंदूचं रक्षण होतं का?

फ्लोराइड खडकांमधून भूजलात उतरतं. थोड्या प्रमाणात ते दातांना किडीपासून वाचवतं. पण जास्त प्रमाणात वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर दातांवर तपकिरी डाग पडतात, हाडं आणि सांधे आखडतात. या आजाराला फ्लोरोसिस म्हणतात. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत हा प्रश्न जुना आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावं.

मेंदूवर काय परिणाम होतो?

फ्लोराइड रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचू शकतं. प्राण्यांवरील प्रयोगांत जास्त फ्लोराइडमुळे चेतापेशींमध्ये 'फ्री रॅडिकल्स' वाढलेले दिसतात. ते पेशींच्या आवरणातल्या चरबीची हानी करतात. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं काम बिघडतं आणि ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्यं घटतात. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने २०२४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध असल्याचा, मध्यम खात्रीचा निष्कर्ष त्यात आहे.

वनस्पतींमधली द्रव्यं काय करतात?

• कर्क्युमिन (हळद): फ्लोराइड दिलेल्या उंदरांना कर्क्युमिन दिल्यावर मेंदूतल्या पेशींची हानी कमी झाल्याचं दिसलं.
• क्वेर्सेटिन (कांदा) आणि रेझवेराट्रॉल (द्राक्षं): ही द्रव्यं फ्री रॅडिकल्सना निष्प्रभ करतात आणि पेशींच्या स्वतःच्या संरक्षक यंत्रणेला चालना देतात.
• ईजीसीजी (ग्रीन टी): हेही असंच काम करतं. पण चहाचं झुडूप जमिनीतून फ्लोराइड शोषून पानांत साठवतं. त्यामुळे पाण्यात आधीच फ्लोराइड असेल, तर जास्त चहाने त्यात भरच पडते.
• चिंच: हिचा मार्ग वेगळा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात, चिंच खाणाऱ्या मुलांच्या लघवीतून जास्त फ्लोराइड बाहेर पडलं. मेंदूवरचा परिणाम मात्र त्यात तपासलेला नव्हता.

मग रोज हळद खाल्ली की झालं?

नाही. चेतापेशींबाबतचे बहुतेक प्रयोग उंदरांवर किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर झाले आहेत. काही प्रयोगांत उंदरांच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड होतं. गावातल्या विहिरीत इतकं क्वचितच असतं. शिवाय हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्केच असतं आणि आतड्यातून ते फारच कमी शोषलं जातं. भाजी-आमटीतली हळद म्हणजे प्रयोगातला डोस नव्हे.

खरा उपाय कोणता?

पाणी बदलणं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट वाफ झाल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नालगोंडा पद्धत' नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली आहे. अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचे फिल्टर, आरओ किंवा पावसाचं साठवलेलं पाणी हे इतर पर्याय आहेत. बोअरचं पाणी पीत असाल, तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या, कारण फ्लोराइडला रंग, वास किंवा चव नसते.

थोडक्यात, वनस्पतींमधली ही द्रव्यं उद्याच्या औषधांसाठी आशादायक आहेत. आज मुलांचा मेंदू वाचवायचा, तर सुरुवात पाण्यापासून करावी लागेल.