दयेकडून हक्काकडे : ‘सेव्ह द चिल्ड्रन’ चळवळीची वाटचाल

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिल्या महायुद्धातील लढाई थांबली. तथापि दोस्त राष्ट्रांची सागरी नाकेबंदी १९१९ मध्येही चालू राहिली. परिणामी जर्मनी व ऑस्ट्रियातील बालकांची उपासमार होत होती. या धोरणाविरुद्ध एग्लंटाइन जेब व त्यांच्या भगिनी डोरोथी बक्स्टन यांनी ब्रिटनमध्ये आवाज उठविला. ऑस्ट्रियातील उपाशी बालकांची स्थिती दाखविणारी पत्रके विनापरवाना वाटल्याबद्दल जेब यांना न्यायालयाने ५ पौंड दंड ठोठावला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लंडनमध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’चा जाहीर प्रारंभ झाला.

शत्रुराष्ट्रातील बालक हे शत्रू नव्हे, हे या चळवळीचे मूलभूत प्रतिपादन होते. १९२१ च्या रशियन दुष्काळातही तिने अन्नछत्रे चालविली. परंतु देणग्यांवर विसंबलेली मदत लोकमताच्या लहरीवर अवलंबून राहते. म्हणूनच जेब यांनी १९२३ मध्ये पाच कलमी बालहक्क जाहीरनामा सिद्ध केला व १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने तो स्वीकारला.

नावात ‘हक्क’ असला, तरी या जाहीरनाम्यात भर होता तो प्रौढांच्या कर्तव्यावर. शिवाय तो राष्ट्रांवर बंधनकारकही नव्हता. १९५९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यानंतर १९८९ च्या बालहक्क संहितेने बालकास हक्कधारक व्यक्ती मानून सदस्य राष्ट्रांना कायद्याने बांधले. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. उपाशी बालकाचा प्रश्न दात्याच्या औदार्यावर न सोडता त्यास राज्यसंस्थेचे उत्तरदायित्व ठरविणे, हेच या चळवळीचे ऐतिहासिक योगदान होय.